आमच्या सहाध्यायिनी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या ह्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या संस्थेच्या कार्यवाहांनी आम्हांस केली, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आम्ही विद्वान नव्हे. शालान्त परीक्षा, त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे आणि पुढे चाळीस वर्षे प्राथमिक शाळेतील खडू व फळा, एवढीच आमची शिदोरी. विषय मात्र मोठा मिळाला आहे : 'स्त्रिया व उच्च शिक्षण'. ह्या विषयावर ग्रंथ लिहिणारे लिहोत. आम्ही आपणांपुढे इतिहासातील दोन-चार गोष्टी आणि आमच्या अनुभवातील एक गोष्ट ठेवणार आहोत. त्यांतून काही घेण्याजोगे निघाले तर ते घ्यावे, न निघाले तर म्हाताऱ्या मास्तराची बडबड म्हणून सोडून द्यावे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. परंतु त्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस बसण्याची मोकळीक स्त्रियांना मिळाली ती १८८३ साली, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. त्याच दशकात नाशिकास जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी ही मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. वर्गात ती एकटीच मुलगी. ती येत आहे असे दिसताच काही विद्यार्थी वर्गाचे दार तिच्या तोंडावर लावून घेत, अशी हकीकत सांगतात. अशा वातावरणात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि तीही वरच्या श्रेणीत. अशा यशाबद्दल विलायतेस जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती स्त्री असल्यामुळे तिला ती नाकारण्यात आली. शेवटी काही इंग्रज हितचिंतकांनी वर्गणी जमवली, आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ साली तेथे कायद्याच्या उच्च परीक्षेस ती बसली. तशी बसणारी ती पहिलीच स्त्री. परंतु त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नसे. नियम बदलला तो १९२० साली, आणि सोराबजीबाईंच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली. परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी! तोपर्यंत त्यांचा केशसंभार पिकला असेल. केंब्रिजने तर ह्या कामी १९४८ सालापर्यंत वेळ लावला.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. वर्गात बसू देणे वेगळे, आणि 'ही आमच्या विद्यालयाची' असे म्हणून नाव लावू देणे वेगळे. पहिली पायरी चढल्यावर दुसरी आपोआप येते, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

आपल्या महाराष्ट्रात ह्या प्रश्नावर थोर पुरुषांनी पुष्कळ विचार केला आहे. गोपाळ गणेश आगरकर, जे पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, त्यांचे मत असे होते की मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. ज्या काळी मुलीने पाटी हाती धरली तर नवरा मरतो असे म्हणणारे लोक होते, त्या काळातले हे मत. त्याच फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी दुसरी वाट धरली. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, नंतर हिंगण्याच्या माळरानावर मुलींचे शिक्षण, आणि १९१६ साली केवळ स्त्रियांसाठी विद्यापीठ, मातृभाषेतून शिकवणारे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. एकत्र की स्वतंत्र, हा वाद त्या काळी बराच रंगला. आमच्या अल्पमतीप्रमाणे दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते. ज्या बापाला मुलीस मुलांच्या कॉलेजात पाठवण्याचे धैर्य नव्हते, त्याला कर्व्यांनी वाट दिली. आणि ज्याला होते, त्याच्या पाठीशी आगरकरांचे शब्द उभे राहिले.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आजच्या सभेला विशेष लागू आहे. कमला भागवत, पुढे सौ. कमला सोहोनी म्हणून विख्यात झालेल्या शास्त्रज्ञ, १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. त्यांचे वडील आणि काका, दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेचे माजी विद्यार्थी. मुलीनेही तेथेच जावे, हे घरात जणू ठरलेलेच होते. अर्ज गेला आणि परत आला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. स्त्रियांना घेत नाही, हे त्यांचे उत्तर. मुलगी स्वतः बंगलोरला गेली आणि हटून बसली. तेव्हा पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणली जाणार नाही, काम पसंत पडले तरच पुढे पाहू, अशा अटींवर तिला घेतले. काम पसंत पडले. इतकेच नव्हे, तर त्यानंतर रामनसाहेबांनी संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ साली त्यांना तेथे पीएच.डी. मिळाली, आणि विज्ञान विषयात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदीही त्या बसल्या. परंतु वृद्धपणी ह्या घटनेचा उल्लेख करताना तो अपमान त्या विसरलेल्या नव्हत्या. बापाला जी संस्था आपला माजी विद्यार्थी म्हणून मानते, तीच संस्था त्याच्या मुलीला दारात उभी ठेवते, हे दुःख लहान नव्हे.

आणि हे सारे जुन्या काळातले म्हणून आपण हात झटकावे, असेही नाही. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथे मुलींना प्रवेश मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानंतर. २०२२ साली पहिल्या मुली आत गेल्या, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील सतरा जणी प्रशिक्षण पुरे करून मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर पडल्या. आमच्या गावचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, त्याच प्रबोधिनीचे जुने छात्र, ते संचलन दूरदर्शनवर पाहत होते. ते आम्हांस म्हणाले, "गुरुजी, आमच्या वेळी कोणी हे सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. आज डोळ्यांत पाणी आले." मनुष्य बदलतो, मात्र त्याला ते प्रत्यक्ष पाहावे लागते.

असो. आता आमच्या अनुभवाकडे वळतो.

१९७६ साली आम्ही अध्यापक विद्यालयात दाखल झालो. वर्गात चाळीस जण, त्यांत अकरा मुली. मुलींनी पुढच्या दोन बाकांवर बसावे, तास संपताच आपल्या खोलीत जावे, वाचनालयात मधल्या सुट्टीत यावे, असा दंडक होता. तो कोठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांस पाठ होता. दोन वर्षांत आम्ही त्या अकरा जणींपैकी कोणाशी दहा वाक्ये बोललो असू, तर शपथ. वर्गप्रतिनिधी मुलगाच असे. स्नेहसंमेलनात नाटकातली स्त्रीभूमिका मिशा काढून एखादा मुलगा करी आणि मुली दारापुढे रांगोळी घालीत. आम्हांस ह्यात काही वावगे वाटले नाही. त्यांना काय वाटत होते, हे आम्ही विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तुकडीतील काही मित्रांच्या मनात आले की, सगळे निवृत्त झालो, आता एकदा जुन्या वास्तूत जमावे आणि माजी विद्यार्थ्यांचे एक मंडळ स्थापावे. पत्ते जमवण्याचे काम आमच्याकडे आले. पुरुष मंडळींचे पत्ते आठ दिवसांत मिळाले. शिक्षकांची पतपेढी, निवृत्तिवेतनाची यादी, एकमेकांचे भ्रमणध्वनी. एक सापडला की चार सापडत. मुलींच्या बाबतीत मात्र गाडी अडली. अकरांपैकी चौघींचाच ठावठिकाणा लागला. कारण सरळ होते. आमच्याकडे होती ती माहेरची नावे. लग्नात आडनाव बदलले, बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे आले, आणि कित्येकींचे तर स्वतःचे नावही तांदळात अंगठीने लिहून पालटले गेले. एका व्यक्तीच्या नावातील तीनही शब्द बदलल्यावर तिला शोधावयाचे कोणत्या खुणेने? एक सहाध्यायिनी तर शेजारच्या तालुक्यात वीस वर्षे नोकरीस होती. बदल्यांच्या याद्यांत तिचे नाव आम्ही दरवर्षी वाचीत होतो. ती हीच, हे ठाऊक नव्हते.

शेवटी एकीने दुसरीचा, दुसरीने तिसरीचा पत्ता दिला आणि नऊ जणी सापडल्या. दोघी वारल्याचे कळले. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर आम्हीच लिहिला होता, आणि शेवटी रीतीप्रमाणे 'सपत्नीक उपस्थित राहावे' अशी ओळ घातली होती. पत्रिका सर्वांना गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या नऊ जणींपैकी एकीचा भ्रमणध्वनी आला. "गुरुजी, पत्रिका पोचली. सपत्नीक यायला लिहिले आहे. आता ह्या वयात मी पत्नी कोठून आणू?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. परंतु ध्वनी बंद केल्यावर आम्ही बराच वेळ ती पत्रिका हातात घेऊन बसलो. माजी विद्यार्थी म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा होता. चाळीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते.

संमेलनाच्या दिवशी सभा भरली. मंडळाच्या घटनेचा मसुदा वाचण्याचे काम आमच्याकडे होते. कलम तीन : 'ह्या विद्यालयातून अध्यापन पदविका परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती मंडळाची सभासद होऊ शकेल.' वाचन संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू होता. त्यांनी विचारले, "मग मी बसू की जाऊ?"

आम्ही त्यांस ओळखले. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर ह्यांचे लग्न झाले होते. वर्गातील सर्वांत हुशार मुलगी. सासर दुसऱ्या जिल्ह्यात. सासरच्यांनी परीक्षेस पाठवले नाही. त्या दिवशी आम्ही सर्वांनी फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन लिहिले होते, पेढे खाल्ले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा बाक मोकळा पाहूनही कोणी काही बोलले नव्हते. पदविका त्यांना मिळालीच नाही. म्हणून कलम तीनप्रमाणे त्या ह्या विद्यालयाच्या कोणीच नव्हत्या.

आमच्या तोंडून शब्द निघेना. "नियम तसा आहे, बाई, पण आपण पाहुण्या म्हणून अवश्य बसावे," असे काहीसे आम्ही पुटपुटलो. त्यावर ज्यांनी पत्रिकेची थट्टा केली होती त्या बाई उठल्या. त्यांनी विचारले, "ह्या सभेत बसलेल्यांपैकी किती जणांनी मानसशास्त्राच्या परीक्षेसाठी हिची वही वापरली होती? हात वर करा."

सभेत शांतता पसरली. ती वही आम्हां सर्वांस आठवत होती. जांभळ्या शाईची, समासात आकृत्या काढलेली. वर्गातील एक मुलगा त्यांच्या नात्यातला होता. त्याच्या हस्ते ती मुलांच्या वसतिगृहात येई, रात्रभर आम्ही तिची नक्कल करीत असू, आणि सकाळी ती परत जाई. मालकिणीस कोणी कधी आभाराचा शब्द पाठवला नाही, कारण मुलींशी बोलावयाचे नाही असा दंडक होता! त्या वहीवर आम्ही उत्तीर्ण झालो, नोकरीस लागलो, मुख्याध्यापक झालो. वही लिहिणारी राहिली. प्रथम एक हात वर गेला, मग दुसरा, मग पुष्कळ. व्यासपीठावर बसलेल्या आम्हीही हात वर केला.

त्या बाई म्हणाल्या, "मला सभासदत्व नको, गुरुजी. माझे नाव हजेरीपटावर होते, एवढे कोणीतरी कागदावर लिहून ठेवा. नातवाला दाखवीन."

मंडळी, आम्ही शिक्षक आहोत. मूल शाळा सोडून गेले की हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आम्ही दोन शब्द लिहितो : 'नाव कमी'. चाळीस वर्षांत ते शब्द आम्ही किती मुलींच्या नावांपुढे लिहिले असतील! सातवी झाली, नाव कमी. धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे, नाव कमी. लग्न ठरले, नाव कमी. काहींच्या घरी जाऊन बापाची समजूत घातली; हे खरे आहे. परंतु पुष्कळांच्या घरी गेलो नाही, हेही खरे आहे. चावडीवर बसून 'मुलीची जात, फार शिकवून काय करावयाचे' असे कोणी म्हणाले, तेव्हा शेजारी असूनही आम्ही गप्प बसलो आहोत. त्या दिवशी त्या सभेत आम्हांस ती सर्व नावे आठवली.

कलम तीन त्याच सभेत दुरुस्त झाले. 'उत्तीर्ण झालेली' हे शब्द काढून 'प्रवेश घेऊन शिकलेली' असे घातले. एक-दोघांनी नियमाचे काय, म्हणून कुरकुर केली, परंतु ठराव संमत झाला. सभासदांच्या यादीत प्रत्येक भगिनीचे माहेरचे व सासरचे, अशी दोन्ही नावे छापली. आणि त्या बाईंचे नाव, त्यांच्या बापाने ठेवलेले नाव, पहिल्या पानावर आले. पुढच्या वर्षीच्या कार्यकारी मंडळात तीन भगिनी निवडून आल्या. हिशेब त्याच पाहतात आणि चोख पाहतात.

आता ही विद्यालयाची गोष्ट आपल्या ज्ञातिसंमेलनात कशासाठी, असे कोणी विचारील. तर आपली ही संस्थाही एक प्रकारचे विद्यालयच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी मूठ मूठ धान्य जमवून मुलांसाठी वसतिगृह उभारले. त्या वसतिगृहात राहून शिकलेले कित्येक जण आज ह्या सभेत पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यांच्याच बहिणी त्या काळी कोठे होत्या, हे त्यांनी क्षणभर मनात आणावे. भाऊ वसतिगृहात राहून शिकावा म्हणून शेतात राबणारी बहीण त्या वसतिगृहाची माजी विद्यार्थिनी नव्हे. पण त्याच्या भिंतींत तिचाही घाम आहे.

आजची परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. २०२४-२५ सालापासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क राज्य शासनाने माफ केले आहे. ज्या पालकांना हे ठाऊक नसेल, त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडून माहिती घ्यावी, ही विनंती. शुल्काची सबब आता बहुतेकांना उरली नाही. उरल्या आहेत त्या दोन अडचणी : राहण्याची सोय आणि घरच्यांचे मन. पहिली सोडवणे संस्थेच्या हाती आहे, दुसरी ज्याच्या त्याच्या.

म्हणून ह्या सभेपुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली, संस्थेच्या कुटुंबनोंदीत आणि ह्या स्मरणिकेत छापल्या जाणाऱ्या गुणवंतांच्या यादीत प्रत्येक मुलीचे स्वतःचे व माहेरचे नाव लग्नानंतरही कायम ठेवावे, आणि सासरचे नाव पुढे जोडावे. मुलगी परगावी किंवा परज्ञातीत दिली, म्हणून तिचे नाव कमी करू नये. ती आपल्या घरी जन्मली व शिकली, ही गोष्ट लग्नाने पुसली जात नाही.

दुसरी, शिष्यवृत्तिनिधीतून दरवर्षी काही रक्कम वेगळी काढावी, आणि ज्या विवाहित भगिनींचे शिक्षण अर्धवट राहिले असेल त्यांस ते पुरे करण्यासाठी द्यावी. त्यास वयाची अट नसावी. सोराबजीबाईंना पदवीसाठी तीस वर्षे थांबावे लागले. आपल्या भगिनींनी त्याहून अधिक थांबू नये.

तिसरी, मुलींसाठी वसतिगृहाचा विषय अनेक वर्षे 'पुढील सभेत विचार व्हावा' ह्या सदरात पडून आहे. तो ह्या वर्षी खरोखर विचारात घ्यावा, आणि त्यासाठी नेमावयाच्या समितीत निम्म्या तरी भगिनी असाव्यात. आपल्या महिला मंडळाचे हळदीकुंकू व पाककृतींच्या स्पर्धा उत्तम होतात, त्या तशाच चालू राहोत. परंतु ज्या हातांनी पाचशे पानांची पंगत बिनचूक उठते, त्यांस वसतिगृह चालवता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

आमचे बोलणे लांबले. शेवटी एकच सांगतो. गेल्या महिन्यात त्या सहाध्यायिनींचे पत्र आले. हल्ली पत्र कोण लिहितो? त्यांनी लिहिले. अक्षर तेच, शाई मात्र निळी. मंडळाने दिलेला दाखला नातवाने चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे, आणि आपण मुक्त विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी नाव नोंदवले आहे, असे त्यांनी कळवले होते. खाली त्यांनी स्वतःचे माहेरचे नाव लिहिले होते आणि त्यापुढे सासरचे.

त्यांच्या वहीची नक्कल करून आम्ही उत्तीर्ण झालो, ह्याचे ऋण आम्ही आज ह्या सभेत जाहीरपणे मान्य करतो. आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या घरातील अशी एखादी वही आठवावी आणि ती जिची असेल तिला विचारावे, "तुझे काय राहिले?"